बातूरचा सूर्योदय आणि तोया बुंगकाहचे उष्ण झरे

इंडोनेशियातील बाली बेटावर येणाऱ्या प्रवाशांसाठी जे अनेक कार्यक्रम आखलेले असतात, त्यांत बातूर ज्वालामुखीवरील पहाटेच्या चढाईला फार मोठी मागणी असते. रात्री दोनच्या सुमारास मोटार प्रवाशांना उबुद येथून किंवा दक्षिण किनाऱ्यावरील हॉटेलांतून घेऊन निघते. चारच्या आसपास ती डोंगराच्या पायथ्याशी पोहोचते. तेथे जवळच्याच खेड्यातला एखादा वाटाड्या त्यांना येऊन मिळतो, प्रत्येकाच्या हाती किंवा कपाळावर विजेरी येते आणि अंधारात ही मंडळी एका ओळीने वर चढू लागतात. सुमारे दोन तासांनी ती कुंडाच्या काठावर असतात. सूर्य उगवतो, वाटाड्या जमिनीतून निघणाऱ्या वाफेवर अंडी उकडून देतो, आणि मग सर्वजण उतरून सरोवराच्या काठी तोया बुंगकाह या गावी उष्ण झऱ्यांच्या पाण्यात जाऊन बसतात. दुपारच्या जेवणापर्यंत सारे आटोपलेले असते.

वरवर पाहता ही दोन स्वतंत्र सुखे एकापुढे एक मांडल्यासारखी वाटतात. वस्तुतः वरची वाफ आणि खालचे कढत पाणी यांचा धनी एकच आहे. त्याची ओळख करून घेतल्याखेरीज या सहलीचा अर्थ पुरता उमगत नाही.

बातूर पर्वताची उंची १,७१७ मीटर आहे. चढाई मात्र सुमारे ६०० ते ७०० मीटरचीच करावी लागते, कारण पायथाच समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून अधिक उंच आहे. हा पायथा म्हणजे एका प्रचंड खोलगटाचा तळ होय. भूशास्त्रज्ञ अशा खोलगटाला महाकुंड म्हणतात. बातूरचे बाहेरचे महाकुंड सुमारे १३ किलोमीटर लांब आणि १० किलोमीटर रुंद असून त्याच्या पोटात दुसरे, लहान महाकुंड आहे. येथे पूर्वी आजच्यापेक्षा पुष्कळ मोठा ज्वालामुखी उभा होता. सुमारे २९,००० आणि २०,००० वर्षांपूर्वी झालेल्या दोन महाउद्रेकांत त्याच्या पोटातील शिलारस मोठ्या प्रमाणावर बाहेर फेकला गेला, आतली पोकळी वरचा भार पेलू शकली नाही आणि डोंगराचे छप्पर खाली बसले. त्या खोलगटाच्या एका अंगाला पाणी साठून बातूर सरोवर तयार झाले. मध्यभागी कालांतराने नवा शंकू उभा राहिला. आजचे प्रवासी चढतात तो हा नवा शंकू. सभोवार दिसणाऱ्या उंच कड्यांची रांग ही जुन्या डोंगराची उरलेली भिंत आहे.

हा सारा खटाटोप समुद्रतळाखाली चालू असलेल्या एका संथ हालचालीमुळे घडतो. हिंदी महासागराच्या तळाचा भूपट्ट वर्षाला सहा-सात सेंटिमीटर इतक्या गतीने उत्तरेकडे सरकत जावा आणि बाली यांच्याखाली शिरत असतो. खोल गेल्यावर त्यातील खनिजांत अडकलेले पाणी मोकळे होते आणि वरच्या प्रावरणातील तप्त खडकांत मिसळते. पाण्याच्या संगतीने खडक कमी तापमानाला वितळतो, हे या घटनेचे मर्म होय. असा वितळलेला शिलारस हलका असल्याने वर चढतो. सुंदा चाप या नावाने ओळखली जाणारी ही ज्वालामुखींची माळ अंदमानपासून सुमात्रा, जावा, बाली ओलांडून पूर्वेस दूरवर गेली आहे. भारताच्या हद्दीतील बॅरन बेट हा तिचाच एक मणी आहे. तेथील उद्रेकाची नोंद १७८७ साली झाली, आणि दीर्घ शांततेनंतर १९९१ मध्ये तो ज्वालामुखी पुन्हा जागा झाला. बातूर आणि बॅरन यांचे कूळ एकच, असे म्हणावयास हरकत नाही.

चढाई पहाटेच का करावयाची, असा प्रश्न झोपमोड झालेल्या प्रवाशाच्या मनात सहज येतो. त्याचे उत्तर हवामानात आहे. दिवस वर आला की उतार तापतात, दमट हवा वर चढते आणि दहा-अकरा वाजेपर्यंत माथ्याभोवती ढगांचा वेढा पडतो. रात्री याच्या उलट घडते. उतारावरील हवा थंड व जड होऊन महाकुंडाच्या तळाशी उतरते, धुके खाली सरोवरावर साचते आणि माथा बहुधा मोकळा राहतो. म्हणून पहाटे माथ्यावर उभ्या असलेल्या माणसाला ढग पायांखाली दिसतात. पूर्वेस सरोवरापलीकडे आबांग पर्वत, त्याच्याही मागे सामुद्रधुनीपार लोंबोक बेटावरील ३,७२६ मीटर उंचीचा रिंजानी, आणि आग्नेयेस बालीवासीयांचा परमपवित्र आगुंग, असे तीन पर्वत एकामागून एक अंधारातून वेगळे होतात. बाली विषुववृत्तापासून केवळ आठ अंश दक्षिणेस आहे. तेथे सूर्य क्षितिजावरून जवळजवळ सरळ वर चढतो, त्यामुळे पहाटेचा सारा रंगोत्सव वीस-बावीस मिनिटांत उरकतो. उशीर झालेल्याची कोणी वाट पाहत नाही. एप्रिल ते ऑक्टोबर या कोरड्या महिन्यांत दर्शनाची खात्री अधिक असते. इतर वेळी धुक्यात तासभर कुडकुडून परतणारेही पुष्कळ. आणि कुडकुडणे हा शब्द येथे अतिशयोक्तीचा नाही. किनाऱ्यापेक्षा माथा सुमारे दहा अंश सेल्सिअसने थंड असतो, वर वारा असतो, आणि चढताना घामाने भिजलेला सदरा थांबताक्षणी अंगाला बर्फासारखा लागतो. समुद्रस्नानाच्या तयारीने आलेल्या प्रवाशाला हे सहसा कोणी आधी सांगत नाही.

वाट पहिल्यांदा शेतांमधून व विरळ झाडीतून जाते. राखेच्या जमिनीत कांदा, टोमॅटो, कोबी, मिरची ही पिके उत्तम येतात. पुढे झाडी संपते आणि सच्छिद्र, हलक्या काळ्या खड्यांचा उतार सुरू होतो. येथे दोन पावले वर टाकावी तर एक पाऊल खाली घसरते. वाटाड्याचे खरे काम येथे सुरू होते. घोळक्यातील सर्वांत मंद माणसाच्या चालीने सर्वांना नेणे, कोणत्या दगडावर भार टाकावा हे दाखविणे, कुंडाच्या भुसभुशीत काठापासून लोकांना दूर ठेवणे, या गोष्टी अनुभवानेच येतात. स्थानिक वाटाड्यांच्या संघटनेने वाटाड्या सोबत घेणे येथे बंधनकारक केलेले आहे, आणि एकट्याने चढू इच्छिणारे अनुभवी गिर्यारोहक त्याविषयी कुरकुर करीत आले आहेत. ती कुरकुर सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही, कारण वाट सोपी आणि ठळक आहे. परंतु सरोवराकाठच्या खेड्यांना शेती आणि मासेमारी यांखेरीज मिळकतीचे दुसरे मोठे साधन नाही, हेही तितकेच खरे.

या खेड्यांनी डोंगराचे जे सोसले आहे ते पर्यटकांच्या माहितीपत्रकांत क्वचितच येते. १९१७ च्या जानेवारीत बालीत मोठा भूकंप होऊन हजाराहून अधिक माणसे दगावली आणि त्याच वर्षी बातूरचाही उद्रेक झाला. पायथ्याशी असलेले बातूर गाव आणि सरोवराची देवता देवी दानू हिचे मंदिर त्या वेळी नष्ट झाले नाही. लाव्हारस मंदिराच्या उंबऱ्याशी येऊन थांबला अशी आठवण लोक सांगतात, आणि देवीने राखले म्हणून गाव तेथेच राहिले. १९२६ च्या ऑगस्टमध्ये मात्र लाव्हाने गाव आणि मंदिर दोन्ही गाडून टाकली. रहिवाशांनी महाकुंडाच्या काठावर, किंतामणीजवळ नवे गाव वसविले आणि तेथे मंदिर पुन्हा उभारले. उलुन दानू बातूर, म्हणजे सरोवराच्या शिरोभागीचे मंदिर, या नावाने ते आज प्रसिद्ध आहे. १९६३ साली आगुंगच्या भीषण उद्रेकात हजाराहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी बातूरनेही लाव्हारस ओकला. तो गोठून झालेले काळे रान आजही चढणाऱ्याला उजाडल्यावर खाली पसरलेले दिसते.

देवी दानूचे मंदिर हे केवळ भक्तीचे स्थान नव्हे. बालीतील भातशेतीचे पाणी सुबाक नावाच्या शेतकरी संस्था वाटून घेतात आणि या संस्थांचे सर्वोच्च जलमंदिर म्हणून बातूरला मान आहे. सरोवराला बाहेर वाहणारी नदी नाही. त्याचे पाणी सच्छिद्र खडकांतून झिरपून खालच्या उतारांवर झऱ्यांच्या रूपाने प्रकटते, अशी लोकांची धारणा असून पाण्याच्या वाटपात मंदिराचा शब्द मानला जातो. १९७० नंतरच्या दशकात शासनाने नवी भातबियाणी आणून सतत पिके घेण्याचा आग्रह धरला, तेव्हा पाण्याच्या पाळ्या आणि एकाच वेळी शेत पडीक ठेवण्याची जुनी पद्धत मोडली व किडींचा उपद्रव वाढला. मंदिरांनी ठरविलेल्या वेळापत्रकामागे शेतीचे शहाणपण होते, हे अमेरिकन मानवशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग यांनी पुढे दाखवून दिले. २०१२ मध्ये सुबाक व्यवस्था, बातूर सरोवर आणि हे मंदिर यांना जागतिक वारसास्थळात स्थान मिळाले. त्याच वर्षी बातूरचे महाकुंड युनेस्कोच्या मान्यतेने भूउद्यान म्हणून जाहीर झाले.

अशा ठिकाणी चढणे म्हणजे देवतेच्या अंगावरून चालणे, ही भावना बालीत जिवंत आहे. २०२३ साली काही परदेशी प्रवाशांनी पवित्र पर्वतांवर असभ्य वर्तन केले, तेव्हा बालीचे तत्कालीन राज्यपाल वायान कोस्टर यांनी बेटावरील बावीस पर्वतांवर चढाईस बंदी घालण्याचा मनोदय जाहीर केला. त्याला पहिला विरोध झाला तो बातूरच्या वाटाड्यांकडून. आपण याच देवीचे भक्त आहोत, पण आमची चूल या वाटेवर पेटते, असा त्यांचा पेच होता. चढाई प्रत्यक्षात बंद पडली नाही, परंतु प्रश्न मिटला असेही नाही.

धोक्याविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. इंडोनेशियात ज्वालामुखींच्या स्थितीच्या चार पायऱ्या मानल्या जातात आणि त्यांनुसार कुंडाभोवती मनाईचे क्षेत्र ठरते. शिलारस वर सरकू लागला तर भूकंपमापक यंत्रे बहुधा आधी इशारा देतात. पण एक प्रकार यंत्रांनाही चकवतो. भूजल तप्त खडकांमुळे कोंडले जाऊन एकाएकी वाफ होते आणि बॉयलर फुटावा तसा डोंगराचा माथा उडतो. जपानमधील ओंताके येथे २७ सप्टेंबर २०१४ रोजी, इशारा सर्वांत खालच्या पायरीवर असताना असेच घडले, आणि ६३ गिर्यारोहक मरण पावले वा बेपत्ता झाले. सुमात्रातील मारापी डिसेंबर २०२३ मध्ये उसळला तेव्हा चोवीस जणांचा अंत झाला. तेथे कुंडापासून तीन किलोमीटर दूर राहण्याची सूचना आधीपासूनच होती. ती पाळली गेली नाही. वाटाड्या ज्वालामुखीचे भविष्य सांगू शकत नाही. मनाई असताना चढण्यास नकार देणे एवढे मात्र त्याच्या हाती असते, आणि पैसे आगाऊ भरलेल्या प्रवाशासमोर हा नकार उच्चारणे सोपे नसते.

ज्या वाफेवर अंडी उकडतात ती मुख्यत्वे पावसाच्याच पाण्याची असते. भेगांतून खाली झिरपलेले पाणी तप्त खडकांशी येऊन वाफेच्या रूपाने परतते. यातलेच काही पाणी अधिक खोल जाते, तापते आणि भेगांच्या वाटेने महाकुंडाच्या तळाशी, सरोवराच्या पश्चिम काठावर वर येते. वाटेत थंड भूजल मिसळल्याने ते अंगाला सोसवेल इतपत निवते. तोया बुंगकाहचे झरे ते हेच. ‘तोय’ हा संस्कृत शब्द बालीच्या भाषेत ‘तोया’ होऊन नांदतो आहे, आणि पवित्र जलाला तेथे ‘तीर्त’ म्हणतात, हे मराठी वाचकाला सांगताना भाषांतराची गरज भासत नाही. पूर्वी गावकरी काठावरच्या उघड्या डबक्यांत स्नान करीत. आता पाणी बांधीव हौदांत घेतलेले आहे.

महाराष्ट्रातील वज्रेश्वरी, गणेशपुरी, उन्हवरे येथील उष्ण झऱ्यांशी याची तुलना साहजिक आहे, पण कारण वेगळे. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, केव्हाच थंडावलेला. कोकणातील पाणी खोल भेगांत शिरून पृथ्वीच्या नेहमीच्या अंतर्गत उष्णतेने तापते. बातूरखाली मात्र चूल अजून पेटलेली आहे.

चढाईनंतर असे स्नान सुखकर असते यात शंका नाही. तथापि घामाने शरीरातील पाणी घटलेले असते, आणि उष्ण पाण्यात रक्तवाहिन्या प्रसरण पावून रक्तदाब उतरतो. तेव्हा आधी पाणी प्यावे, दहा-पंधरा मिनिटांनी बाहेर यावे आणि उठताना घाई करू नये. हृदयविकार असलेल्यांनी वैद्याचा सल्ला घेतलेला बरा. डोके पाण्याखाली बुडवू नये, नाकात पाणी जाऊ देऊ नये. ऊन पाण्याने आखडलेले स्नायू सैल होतात, परंतु उतरणीवर मांड्यांना जो ताण बसलेला असतो त्याचे दुखणे एक-दोन दिवसांनी शिगेला पोहोचते. झऱ्यातून ताजातवाना होऊन निघालेला प्रवासी दुसऱ्या दिवशी हॉटेलचा जिना कठड्याला धरून, एकेक पायरी आडव्या पावलाने उतरताना दिसतो, तो त्यामुळेच.