गोठविलेला देह आणि मनाची प्रत

कर्करोगाने मरणपंथाला लागलेल्या इंग्लंडमधील १४ वर्षांच्या एका मुलीने मृत्यूनंतर आपला देह गोठवून ठेवावा, अशी इच्छा न्यायालयापुढे मांडली. २०१६ साली उच्च न्यायालयाने त्याविषयीचा निर्णय तिच्या आईवर सोपविला. पुढे तिचा देह अमेरिकेत नेण्यात आला. तिच्या जगण्याच्या ओढीची थट्टा आम्ही करणार नाही. मात्र तिने ज्यावर आशा ठेवली तो उपाय, आणि त्याचा प्रतिस्पर्धी असलेला दुसरा उपाय, तपासून पाहणे अगत्याचे आहे.

पहिला उपाय क्रायॉनिक्सचा. १९६७ साली जेम्स बेडफर्ड या अमेरिकन प्राध्यापकाचा देह प्रथम गोठविण्यात आला. आता कायद्याने मृत्यू जाहीर होताच रक्ताच्या जागी संरक्षक द्रव भरतात. त्यामुळे पेशी फाडणारे बर्फाचे स्फटिक टळून शरीर काचेसारखे घट्ट होते. नंतर ते उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात. अशा अवस्थेतून एकही मनुष्य आजवर परत आलेला नाही.

दुसरा उपाय मेंदूची संपूर्ण जोडणी वाचून मन संगणकात उतरविण्याचा. १९८६ साली ३०२ चेतापेशींच्या एका सूक्ष्म कृमीचा असा आराखडा प्रसिद्ध झाला. २०२४ साली फळमाशीच्या सुमारे १ लाख ४० हजार चेतापेशींचा. मानवी मेंदूत त्या सुमारे ८६ अब्ज आहेत. शिवाय आराखडा हाती येऊनही त्या कृमीच्या वर्तनाची पूर्ण नक्कल अद्याप साधलेली नाही.

पहिला उपाय रूप राखू पाहतो, तर दुसरा विञ्ञाण उचलून नेऊ पाहतो. येथे मज्झिमनिकायातील महातण्हासंखयसुत्ताचे स्मरण होते. तेच विञ्ञाण न बदलता एका जन्मातून दुसऱ्या जन्मात जाते, असे साति नामक भिक्खूचे मत होते. तथागतांनी ते खोडून काढले. प्रत्ययांवाचून विञ्ञाण उत्पन्न होत नाही; अग्नी जसा आपल्या इंधनावरून ओळखला जातो, तसेच हे आहे. डोळे, कान, भूक, श्वास हे सारे इंधन काढून घेतल्यावर यंत्रात पेटेल तो अग्नी तोच कसा म्हणावा? आणि मूळ मनुष्य जिवंत असतानाच प्रत तयार झाली, तर मरणारा मरणारच.

यावर कोणी म्हणेल, अनात्मवादानुसार स्थिर 'मी' नाहीच; मग प्रत आणि मूळ यांत भेद कशाला? हा आक्षेप वजनदार आहे. परंतु स्थिर 'मी' नसेल, तर ज्याच्यासाठी ही प्रत करावयाची तो 'मी'ही उरत नाही. अनात्मवाद मान्य करून त्याच्याच आधारे अमरत्व मागता येत नाही.

क्रायॉनिक्समध्ये निदान मेंदू तोच राहतो. म्हणून दोहोंत तो उपाय अधिक सुसंगत आहे, असे आमचे मत आहे. पण तोही तण्हेला औषध देत नाही, केवळ तिची मुदत वाढवितो. आजार बरा करणारे विज्ञान आम्हास सदैव वंद्य आहे. त्या मुलीला हवे होते ते कर्करोगावरील औषध. ते शोधण्यातच मानवाची खरी करुणा आहे.