चावीचं घड्याळ का थांबतं?

वडिलांचं एचएमटी जनता कपाटातून निघतं, चावी दिली की थोडा वेळ चालतं आणि थांबतं. ‘चावी जास्त बसली,’ असं हमखास ऐकायला मिळतं. ते खरं नाही. चावी अडली म्हणजे स्प्रिंग पूर्ण गुंडाळली गेली, इतकंच. तिची ताकद चाकांमधून बॅलन्सपर्यंत, म्हणजे मागेपुढे झुलणाऱ्या चाकापर्यंत, पोचत नाही, ही खरी अडचण. आणि तिचं नेहमीचं कारण म्हणजे वाळलेलं तेल.

बॅलन्स तासाला १८,००० ठोके देतो, म्हणजे सेकंदाला पाच. त्याच्या आसाचं टोक जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं जाड. ते माणकाच्या छिद्रात फिरतं. तिथलं तेल चिकट झालं की एवढासा अडथळाही पुरतो.

घड्याळ उघडण्याआधी नीट पाहावं. दर वेळी काटे एकमेकांवर आले की थांबतं? मग काटे घासत असणार. हे काम सोपं. तबकडी वर ठेवली की चालतं, पालथं केलं की थांबतं? आसाचं टोक झिजलं किंवा वाकलं असण्याची शक्यता मोठी. हलवल्यावर चालून पुन्हा थांबत असेल तर बहुधा मळ आणि तेल.

शिवणयंत्राचं तेल मात्र कधीही सोडू नका. ते पसरून बॅलन्सवरच्या बारीक हेअरस्प्रिंगच्या वेढ्यांना चिकटतं आणि घड्याळ भलतंच पुढे पळतं. कारागिराला आधी विचारा: सगळे भाग सुटे करून धुणार, की वरूनच तेल देणार? वरून देणार असेल, तर घड्याळ परत घ्या.