वर्गशिक्षक व कळफलकावरील शॉर्टकट

मोडी लिपीतील जुने कागद ज्याने पाहिले आहेत, त्याच्या ध्यानी एक गोष्ट सहज येते. आधी कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत शिरोरेषा ओढून घ्यावयाची आणि मग तिच्याखाली लेखणी शक्य तितकी न उचलता अक्षरे लिहीत जावयाचे, ही मोडीची रीत होती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही लिपी आपल्या प्राथमिक शाळांतून शिकविली जात असे. हात वारंवार उचलला की वेळ जातो आणि वेळ गेला की काम तुंबते, हे तिच्यामागील साधे तत्त्व होते. संगणकाच्या कळफलकावर ज्यांना शॉर्टकट म्हणतात, त्यांच्यामागेही हेच तत्त्व आहे. दोन कळा एकत्र दाबून एखादे काम करावयाचे. त्यासाठी हात कळफलकावरून उचलून माऊसकडे न्यावयाचा नाही.

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, त्या वेळी शाळेचे जनरल रजिस्टर, हजेरीपत्रक व निकालपत्रक ही सर्व दौत-टाकाची कामे होती. आज त्यांपैकी बरीचशी माहिती सरल, यू-डायस प्लस यांसारख्या प्रणालींत संगणकावर भरावी लागते. जावळी, पाटण, महाबळेश्वर किंवा शिराळा तालुक्यांतील डोंगरी भागात द्विशिक्षकी शाळा पुष्कळ आहेत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेस दोनच शिक्षक मिळतात. अशा शाळेत एका शिक्षकाकडे दोन किंवा तीन इयत्ता असतात. तेथे संगणकापुढे जाणारी दहा मिनिटे ही मुलांच्याच वाट्यातील दहा मिनिटे होत. यास्तव शॉर्टकटचा अभ्यास ही केवळ हौस नसून वर्गाचा वेळ राखण्याचा तो एक उपाय आहे.

पहिल्या चार जोड्या

कळफलकाच्या डावीकडील खालच्या ओळीत झेड, एक्स, सी, व्ही या कळा शेजारी शेजारी आहेत. कंट्रोल कळ दाबून धरून सी दाबली असता निवडलेल्या मजकुराची प्रत घेतली जाते. एक्स दाबली असता मजकूर उचलला जातो. व्ही दाबली असता तो हव्या त्या जागी ठेवला जातो. आणि झेड दाबली असता शेवटची कृती रद्द होते. मजकूर उचलून दुसरीकडे ठेवण्याची ही पद्धत १९७० च्या दशकात अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर व टिम मॉट यांनी घडविली. १९८३ साली ॲपल कंपनीच्या लिसा या संगणकात या चार कळा त्या कामांसाठी वापरल्या गेल्या आणि पुढे त्या सर्वत्र रूढ झाल्या. टेस्लर २०२० साली निवर्तले. त्यांची ही सोय मात्र आज खेड्यातील शाळेतही वापरली जाते.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. प्रत घेतलेला मजकूर संगणक तात्पुरत्या स्मृतीत ठेवतो आणि नवी प्रत घेताच जुनी तेथून जाते. एक्सने मजकूर उचलला, तो ठेवण्यापूर्वीच दुसऱ्या कशाची तरी प्रत घेतली, तर पहिला मजकूर हातचा जातो. अशा वेळी गोंधळून न जाता कंट्रोल व झेड दाबीत मागे जावे. विंडोज १० व ११ मध्ये विंडोज कळ व व्ही दाबून मागील प्रतींची यादी पाहता येते. परंतु ती सोय आधी चालू करून ठेवावी लागते.

या चार जोड्यांबरोबर कंट्रोल व एस ही पाचवी जोडी हातास लावून घ्यावी. तिने लिहिलेले काम जतन होते. पावसाळ्यात घाटमाथ्यावर वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. प्रत्येक परिच्छेदानंतर या दोन कळा दाबण्याची सवय असली, तर पुन्हा लिहिण्याचा प्रसंग येत नाही.

मराठी लेखन

विंडोज कळ व स्पेस दाबल्यास इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत जाता येते. अर्थात, मराठी कळफलक संगणकात आधी बसविलेला हवा. इनस्क्रिप्ट या प्रमाण कळफलकाची रचना मराठी शिक्षकास सहज पटावी अशी आहे. स्वर व स्वरचिन्हे डाव्या हातास आणि बहुतेक व्यंजने उजव्या हातास, अशी तिची वाटणी आहे. ‘सातारा’ हा शब्द लिहिताना स, त, र ही अक्षरे उजवा हात लिहितो आणि प्रत्येकापुढील काना डावा हात देतो. दोन्ही हात पाळीपाळीने चालतात. ‘सांगली’ लिहितानाही काना, अनुस्वार व दीर्घ वेलांटी डाव्या हाताकडे, तर तिन्ही व्यंजने उजव्या हाताकडे येतात. जोडाक्षरासाठी पहिले व्यंजन, मग डी कळेवरील हलन्त, मग दुसरे व्यंजन, हा क्रम आहे. म्हणजे बालभारतीत मुलांस अक्षराची जी फोड शिकवितो, तीच येथे करावयाची.

‘दुसऱ्या’, ‘साताऱ्याचा’ अशा शब्दांत पुष्कळांची अडचण होते. साधा र, हलन्त व य लिहिल्यास रफार उमटतो आणि शब्द ‘दुसर्या’ असा अशुद्ध दिसतो. येथे शिफ्ट धरून जे कळ दाबावी, मग हलन्त व य द्यावा. म्हणजे ‘ऱ्य’ बरोबर उमटतो. मुलांच्या प्रश्नपत्रिकेत व फलकावरील सूचनेत हे रूप शुद्धच असले पाहिजे.

मराठी कळफलक चालू असताना सीच्या कळेवर म व व्हीच्या कळेवर न असतो. तरीही कंट्रोलबरोबर त्याच कळा प्रत घेणे व ठेवणे ही कामे करितात. त्यासाठी भाषा बदलावी लागत नाही.

शोध व दुरुस्ती

साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडणी कामगारांची मुले कराड, वाळवा भागांतील शाळांत वर्षाच्या मध्येच दाखल होतात आणि हंगाम संपताच परत जातात. अशा मुलाचे नाव लांब यादीत शोधताना कंट्रोल व एफ दाबून नाव लिहावे. मात्र संगणक अक्षरास अक्षर जुळवून पाहतो. यादीत ‘सुनिता’ असेल आणि शोध ‘सुनीता’ असा घेतला, तर नाव सापडत नाही. म्हणून नावाचा एखादाच निःसंदिग्ध भाग लिहून शोधावे. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधील यादीत मराठीतून घेतलेला शोध लागतच नाही. कारण तेथे अक्षरे देवनागरी दिसली, तरी आत साठविलेली चिन्हे निराळी असतात.

कंट्रोल व एच या जोडीने एक शब्द काढून दुसरा घालता येतो. येथे सर्व ठिकाणी एकदम बदल करण्याचा मोह टाळावा. ‘राम’ बदलावयास गेले असता ‘रामचंद्र’ व ‘सीताराम’ ही नावेही बदलतात. एकेक जागा पाहून बदल करणे हेच श्रेयस्कर.

एक्सेलच्या तक्त्यात ऑल्ट व बरोबरचे चिन्ह दाबल्यास वरील गुणांची बेरीज मिळते. कंट्रोल व डी दाबल्यास वरच्या चौकटीतील मजकूर खाली उतरतो. इयत्ता, तुकडी, गाव यांसाठी ही सोय उत्तम आहे. जन्मतारखेच्या रकान्यात मात्र ती घातक होय. एका मुलाची तारीख दुसऱ्याच्या नावापुढे उतरली आणि तशीच पुढे गेली, तर शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या वेळी त्या मुलाच्या पालकास कचेऱ्यांचे हेलपाटे घालावे लागतात. वेग वाढला म्हणून पडताळणी सोडावयाची नाही.

संकेतस्थळावरील सावधगिरी

ऑनलाइन अर्ज भरताना टॅब दाबून पुढील रकान्यात आणि शिफ्ट व टॅब दाबून मागील रकान्यात जाता येते. परंतु तेथे दोन गोष्टी विसरू नयेत. पहिली अशी की, कंट्रोल व एसने तेथील माहिती प्रणालीत जतन होत नाही. त्यासाठी पानावरील जतन करण्याचे बटणच दाबावे लागते. दुसरी अशी की, एफ५ ही कळ तेथे पान पुन्हा उघडते आणि तोवर भरलेली माहिती पुसली जाण्याचा संभव असतो.

वर्गातील पडदा

पॉवरपॉइंटमध्ये हीच एफ५ कळ सादरीकरण पहिल्यापासून सुरू करिते, तर शिफ्ट व एफ५ चालू पानापासून. सादरीकरण चालू असता, इंग्रजी कळफलक निवडून, बी दाबल्यास पडदा काळा होतो आणि पुन्हा दाबल्यास चित्र परत येते. प्रश्न विचारून झाल्यावर पडदा काळा केला, तर मुलांची दृष्टी शिक्षकाकडे व एकमेकांकडे वळते. सातारा तालुक्यातील कुमठे बीटच्या शाळांनी ज्ञानरचनावादी शिक्षणाचा जो पाठ घालून दिला, त्यात शिक्षकाचे स्थान मुलांमध्ये असते, यंत्रामागे नव्हे. पडदा केव्हा लावावा इतकेच केव्हा झाकावा हेही शिक्षकास कळले पाहिजे.

इंटरनेटवरील पान मागच्या बाकावरून वाचता येत नसेल, तर कंट्रोल व अधिक चिन्ह दाबून अक्षरे मोठी करावी. विंडोज कळ व पी यांनी प्रोजेक्टर जोडता अथवा थांबविता येतो. मुलांची आधार क्रमांकासह माहिती उघडण्यापूर्वी तो थांबविणे अगत्याचे आहे. जागेवरून उठताना विंडोज कळ व एल दाबावी. संगणकास कुलूप लागते आणि पासवर्डवाचून तो उघडत नाही.

अभ्यासाची रीत

हे सर्व एका दिवसात पाठ करू नये. पाढे जसे रोजच्या उजळणीने बसतात, तद्वत आठवड्यास एकच जोडी घ्यावी आणि त्या आठवड्यात त्या कामासाठी माऊसला हात लावू नये. केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत ज्यास जी जोडी अवगत झाली असेल, ती त्याने इतरांस करून दाखवावी. वर्षअखेर हात आपोआप चालू लागेल. वाचलेली मिनिटे मात्र पुन्हा संगणकास देऊ नयेत. ज्या मुलास अजून वाचता येत नाही, त्याच्याजवळ बसण्यात ती खर्च व्हावी.