मर्यादा देण्याला, मायेला नव्हे

व्यापारी घराची खरी पुंजी पतीत असते. ‘अमक्यांच्या घरचा मुलगा’ एवढ्या ओळखीवर पेठेत माल उधार मिळतो आणि शब्दावर व्यवहार होतात. त्यामुळे घरातील एखादा कर्ता मुलगा जुगार, मद्य किंवा सट्ट्याच्या आहारी गेला, की कुटुंबाची पहिली धडपड बातमी दाबण्याची असते. वडील मुदतठेव मोडतात, आई बांगड्या काढून देते, थोरला भाऊ ती रक्कम दुकानाच्या खात्यात कोठेतरी बसवून टाकतो. मुलगा शपथ घेतो आणि ‘हे शेवटचेच’ असे सारे मनाशी म्हणतात.

काही महिन्यांनी नवे देणेकरी दाराशी उभे राहतात. यात नवल नाही. बापाने मुलाचे कर्ज गुपचूप फेडले, की त्याला पैसे देणाऱ्यांना खात्री पटते की या घरात बुडीत काही होत नाही. मुलाची उधारीची मर्यादा त्यामुळे वाढते. मुलाच्या मनातही तोच हिशेब पक्का होतो. जुगारी माणूस हरलेले परत मिळवण्यासाठीच पुन्हा खेळतो आणि फेडलेले कर्ज त्याला नव्या डावाची मोकळीक वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने जुगाराच्या व्यसनाचा समावेश आजारांच्या वर्गीकरणात केला आहे. 2025 मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर देशात कायद्याने बंदी आली. परंतु ओढ कायद्याने सुटत नाही, तिला उपचारच लागतात.

इच्छापरिमाणाचा अर्थ

सप्तव्यसनांच्या गणनेत द्यूत पहिले आहे, हे प्रत्येक जैन घरात ठाऊक असते. मात्र व्यसनी मुलाच्या आईवडिलांना अधिक उपयोगी पडेल ते पाचवे अणुव्रत, परिग्रहपरिमाण. त्यालाच इच्छापरिमाण असेही नाव आहे. उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावक हा मोठा धनिक गृहस्थ होता. त्याच्या बारा कोटी सुवर्णमुद्रांपैकी चार कोटी ठेव म्हणून, चार कोटी व्यापारात आणि चार कोटी घरसंसारात होत्या. भगवान महावीरांसमोर त्याने या मर्यादेबाहेरील परिग्रहाचा त्याग केला.

या कथेतून दोन गोष्टी घेता येतात. ठेव, व्यापार आणि घरखर्च हे तीन कप्पे वेगळे असावेत. एकाची आग दुसऱ्यात जाऊ देऊ नये. दुसरे असे की परिमाण स्वतःच स्वतःला घालायचे असते. ‘तू खेळणे सोड’ ही आज्ञा मुलावर आहे आणि ती पाळणे आईवडिलांच्या हाती नाही. ‘आम्ही तुझे कर्ज फेडणार नाही’ हा नियम मात्र त्यांचा स्वतःचा आहे. तो पाळण्यासाठी मुलाच्या संमतीची गरज नसते.

काय थांबवावे, काय चालू ठेवावे

रोख रक्कम, कोरा धनादेश, जामिनावरील सही आणि दुकानाच्या नावावरील उधारी, या चार गोष्टी पूर्णपणे थांबवाव्यात. अन्न, औषध आणि उपचार यांचे दार मात्र कधीही बंद करू नये. उपचाराचा खर्च थेट डॉक्टरांना किंवा व्यसनमुक्ती केंद्राला द्यावा, नातवंडांची फी थेट शाळेत भरावी. सुनेच्या स्त्रीधनाला कोणीही हात लावू नये. ते तिचेच आहे आणि ते देण्यासाठी तिच्यावर घरातून दडपण येणे हाही अन्यायच आहे.

निर्णय आईवडिलांनी एकमुखाने सांगावा. वडील नाही म्हणतात आणि आई पदराआडून देते, अशा घरात मर्यादा टिकत नाही. धाकट्या भावाला व बहिणींनाही सारे ठाऊक असावे. त्यांच्या वाट्याचे धन गुपचूप खर्ची पडत असेल, तर पुढची भांडणे त्या गुप्ततेतूनच उगवतात.

कागदोपत्री सावधगिरी

सज्ञान मुलाच्या वैयक्तिक कर्जाची जबाबदारी केवळ बाप म्हणून वडिलांवर येत नाही. जामीनदार म्हणून सही केली असेल, तर मात्र ती कर्जदाराइतकीच येते. मुलगा पेढीत भागीदार असेल, तर पेढीच्या नेहमीच्या व्यवहारात त्याने केलेली देणी सर्व भागीदारांवर येऊ शकतात. त्याला भागीदारीतून निवृत्त करायचे ठरल्यास रीतसर जाहीर सूचना द्यावी लागते. केवळ घरात ठरवून भागत नाही. बँकेतील सहीचे अधिकारही त्याच वेळी बदलावेत.

स्वकष्टार्जित मालमत्तेची व्यवस्था मृत्युपत्राने हवी तशी करता येते. वडिलोपार्जित मालमत्तेत मात्र मुलाचा, आणि 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलीचाही, जन्मसिद्ध हक्क असतो. मुलगा सुधारेल या आशेने घर त्याच्या नावे बक्षीसपत्राने करून देण्याची घाई करू नये. ‘सांभाळ करावा’ ही अट दस्तात असेल आणि ती मोडली गेली, तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यानुसार न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. अट नसल्यास वाट बिकट होते. सही करण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घेणे श्रेयस्कर.

धमकीच्या प्रसंगी

‘पैसे दिले नाहीत तर जीव देईन’ हे शब्द ऐकून भलेभले आईबाप खचतात. अशा शब्दांना नाटक समजू नये आणि त्यांचे उत्तर पैशानेही देऊ नये. मुलाला एकटे सोडू नये, तत्काळ मनोविकारतज्ज्ञांकडे न्यावे. टेलिमानस ही शासकीय मदतवाहिनी 14416 या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध आहे. वसुलीवाले धमकावू लागले, तर पोलिसांकडे जाण्यात कमीपणा नाही. पुण्यात 1986 पासून कार्यरत असलेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रांत रुग्णाबरोबर त्याच्या कुटुंबाचेही समुपदेशन होते. आईवडिलांनाही त्याची तितकीच गरज असते.

‘ज्याचे त्याचे कर्म’ असे म्हणून मुलाला वाऱ्यावर सोडणे हा कर्मसिद्धांताचा विपर्यास होय. आपले कर्म प्रत्येक जीवाला स्वतः भोगावे लागते हे खरे. परंतु त्या वाटेवर सोबत करण्यास धर्माने कोणाला मनाई केलेली नाही. तिजोरीची किल्ली काढून घेतली, तरी मुलाचे ताट घरात वाढलेले असू शकते, आणि उपचारांसाठी तो तयार होईल त्या दिवशी सोबत जाणारे वडीलही. तो दिवस उशिरा आला, तरी त्याच्या खर्चासाठी घरात काही शिल्लक असावे, यासाठीही आज हात आखडणे आवश्यक आहे.