कांचेच्या पेटींतील शेजारधर्म

गोड्या पाण्यांतील सोनमासे कांचेच्या भांड्यांत पाळण्याची हौस आपल्या घरांना जुनीच आहे. १९५१ सालीं मुंबईस तारापोरवाला मत्स्यालय उघडलें आणि समुद्रांतले रंगीत मासे कांचेआड पाहण्याची सोय सामान्य कुटुंबांस झाली. आतां त्याच्याहि पुढें पाऊल पडलें आहे. खारें पाणी, सच्छिद्र खडक आणि त्यांतून फिरणारे चार मासे असा लहानसा समुद्र घरच्या दिवाणखान्यांतच मांडण्याची हौस शहरांतून दिसूं लागली आहे. २००३ सालच्या ‘फाइंडिंग निमो’ या बोलपटानें तर नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला मासा घरोघरच्या बालगोपाळांचा सवंगडीच करून सोडला. ज्या घरांत नातवंडांच्या आग्रहानें असा कांहीं बेत चालला असेल, त्या घरच्या वडील मंडळींसाठीं आम्ही हे चार विचार मांडीत आहों.

पंप कोणता, दिवा कोणता, मीठ किती, हें दुकानदार सांगतो. परंतु कोणता मासा कोणाच्या शेजारीं ठेवावा, हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाहीं. गिऱ्हाईक रंगावर भुलतें, एक पिवळा, एक निळा, एक तांबडा असे मासे पिशव्यांत भरून घेतें, आणि महिन्याभरांत पेटींत एकच धष्टपुष्ट मासा उरतो. मग दोष पाण्याला दिला जातो.

आपल्या शास्त्रकारांनीं ‘मात्स्यन्याय’ हा शब्द योजिला तो राज्यशास्त्रासाठीं. दंडधर राजा नसेल तेथें बलवान् दुर्बळास गिळतो, असा त्याचा अर्थ. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतहि तो येतो. पण खुद्द समुद्रांत दुर्बळाला एक मोठा आधार असतो, तो म्हणजे पळून जाण्याचा. शेजारी दांडगा निघाला तर लहान मासा दहा हात पलीकडच्या खडकांत बिऱ्हाड हलवितो. पेटींत तो मार्ग नाहीं. तेथें चारी बाजूंस कांच आहे, आणि पाठलाग सुरू झाला म्हणजे तो रात्रंदिवस चालतो. मार खाणारा मासा कोपऱ्यांत दडतो, अन्नाला पुढें येत नाहीं, आणि जखमेपेक्षां उपासानें व भयानेंच मरतो. या राज्याचा राजा म्हणजे पेटी मांडणारा गृहस्थ. मात्र त्याची सत्ता निवड करण्यापुरतीच चालते. एकदां मासा खडकांत शिरला कीं सगळे खडक उपसल्यावांचून तो हातीं लागत नाहीं. म्हणून न्याय करावयाचा तो दुकानाच्या दारांतच केला पाहिजे.

आपण १०० लिटरांची पेटी धरून चालूं. घरीं मावणारी व नवशिक्यास सांभाळतां येईल अशी ती असते. कोणताहि मासा घेण्यापूर्वीं त्याच्याविषयीं चार प्रश्न विचारावे. पूर्ण वाढीनंतर हा केवढा होईल? हा काय खातो? याला राहण्यास कसली जागा लागते? आणि याचा स्वभाव कसा?

पहिल्या प्रश्नावरच निम्मे उमेदवार गळतात. उपर्युक्त बोलपटांतला निळा टँग दुकानांत बोटाएवढा असतो, परंतु तो ३० सेंटीमीटरांपर्यंत वाढणारा व लांब लांब पल्ले पोहणारा मासा आहे. त्याला १०० लिटरांत ठेवणें म्हणजे घोड्याला माजघरांत बांधण्यासारखें आहे.

दुसरा प्रश्न अन्नाचा. सिंहमासा अतिशय देखणा, पण ज्याला तो तोंडांत घेऊं शकतो त्याला तो शेजारी मानीत नाहीं. कित्येक जातींचे फुलपाखरू-मासे प्रवाळांचे कोंब कुरतडून खातात. उलट मँडरिन नांवाचा मासा अत्यंत सौम्य. निळ्या-नारिंगी वेलबुट्टीचा शेला पांघरल्यासारखा दिसतो. तो खडकांवरचे कोपेपॉड नामक सूक्ष्म जीव दिवसभर टिपून खातो. नव्या लहान पेटींतले असे जीव तो थोड्याच दिवसांत संपवितो, आणि बहुधा इतर अन्नास तोंड लावीत नाहीं. शेजारी कितीहि चांगले असोत, तो तेथें उपाशी मरतो.

जागेचा व स्वभावाचा प्रश्न एकत्रच घेतला पाहिजे. कारण माशांचीं बहुतेक भांडणें जागेवरून होतात. येथें एक गोष्ट ध्यानांत धरण्यासारखी आहे. मासा परक्या जातीशीं जितका भांडत नाहीं तितका स्वजातीयाशीं किंवा आपल्यासारख्या रंगारूपाच्या माशाशीं भांडतो. दोघांचें अन्न एक, बिऱ्हाडाची आवड एक, म्हणून तंटाहि मोठा. भाऊबंदकी ही केवळ मनुष्याचीच मिरास नाहीं, हें पाहून वाचकांस थोडें समाधान वाटेल! सबब लहान पेटींत भिन्न आकाराचे, भिन्न सवयींचे आणि पाण्याच्या भिन्न थरांत वावरणारे मासे निवडावे. एक वाळूवर, एक खडकाच्या बिळांत, एक मधल्या पाण्यांत अशी वांटणी झाली म्हणजे एकमेकांच्या ताटांत हात जात नाहींत.

आतां प्रत्यक्ष मंडळींची ओळख करून घेऊं. पहिला अर्थात् विदूषक मासा, म्हणजे क्लाउनफिश. हे सर्व जन्मतः नर असतात. जमावांतला सर्वांत मोठा व वरचढ असतो तो पुढें मादी होतो, त्याच्या खालचा नर राहतो, आणि बाकीचे लहानच राहतात. मादी गेली तर नर तिची जागा घेतो. म्हणून एक थोडा मोठा व एक लहान अशीं दोन पिलें आणावीं. त्यांचें जोडपें आपोआप जमतें. तिसरा आणूं नये, कारण जोडपें जमल्यावर त्याची धडगत नसते. समुद्रफुलावांचून हे जगत नाहींत हा समजहि खरा नव्हे. पेटींत ते त्यावांचून खुशाल राहतात.

दुसरा गोबी. हा आपल्या कोंकणच्या चिखलांतील निवट्यांच्या गोतावळ्यांतला. याच्या कांहीं जाति पिस्तुली कोळंबीबरोबर एका बिळांत राहतात. कोळंबीची दृष्टि मंद, पण ती बीळ खणण्यांत तरबेज. गोबीला खणतां येत नाहीं, पण त्याची नजर तीक्ष्ण. कोळंबी बिळाबाहेर वाळू टाकीत असतां आपली मिशी गोबीच्या अंगाला लावून ठेवते. संकट दिसतांच गोबी शेपटी हालवितो आणि दोघेंहि आंत शिरतात. सहजीवनाचा इतका सुंदर धडा आम्हीं कोणत्याहि क्रमिक पुस्तकांत शिकविला नाहीं.

तिसरा फायरफिश. पुढें पांढरा, मागें ज्वाळेसारखा तांबडा, आणि स्वभावानें अतिशय भित्रा. तो एकटाच ठेवावा, आणि पेटीवर जाळीचें झांकण अवश्य असावें. कारण घाबरला कीं तो पाण्याबाहेर उडी घेतो.

चौथा कॅरिबियन समुद्रांतील रॉयल ग्रामा. पुढें जांभळा, मागें पिवळा, सुमारें ८ सेंटीमीटरांचा. आपल्या बिळापुरता तो अभिमानी असतो, पण उगाच कोणाच्या वाटेस जात नाहीं. येथें मात्र सावध राहावें. पॅसिफिक महासागरांतला एक डॉटीबॅक अगदीं ह्याच दोन रंगांचा असतो, आणि तो लहान पेटींतला मोठा दांडगोबा आहे. ग्रामाचा जांभळा रंग हळूहळू पिवळ्यांत मिसळतो, आणि त्याच्या पाठीच्या पराच्या आरंभीं काळा ठिपका असतो. डॉटीबॅकचे रंग एका रेषेवर तुटल्यासारखे वेगळे होतात. काक आणि पिक यांचा भेद वसंतांत कळतो म्हणतात. येथें तो पैसे देण्यापूर्वीं कळलेला बरा.

वर्ज्य मंडळींत डॉमिनो व त्याचे पट्टेरी भाऊबंद येतात. ते स्वस्त व काटक म्हणून दुकानदार त्यांची शिफारस करितात. पण मोठे झाल्यावर ते सबंध पेटीवर हक्क सांगतात.

अशा रीतीनें विदूषकांचें जोडपें, एक गोबी, एक फायरफिश व एक ग्रामा मिळून पांच मासे झाले. १०० लिटरांस आमच्या मतें एवढे पुरेत. माशांच्या विष्ठेपासून अमोनिया हें विष उत्पन्न होतें; खडकांतील जंतु त्याचें आधीं नायट्राइट व मग सौम्य नायट्रेट करितात. या जंतूंची वस्ती होण्यास चार ते सहा आठवडे लागतात, तोंवर पेटींत मासा घालूं नये. पुढेंहि एकदम गर्दी केली तर जंतु अपुरे पडतात.

प्रवेशाचा क्रमहि निवडीइतकाच महत्त्वाचा आहे. एकत्र कुटुंबांत आधीं आलेल्या सुनेला जसा घराचा कानाकोपरा ठाऊक असतो, तसें येथेंहि आहे. जो आधीं येतो तो जागा धरून बसतो. म्हणून भित्र्यांस आधीं व मानी मंडळींस मागाहून आणावें. प्रथम गोबी व फायरफिश, दोनतीन आठवड्यांनीं ग्रामा, आणि शेवटीं विदूषकांचें जोडपें. प्रत्येक नवागतास आधीं चार आठवडे निराळ्या भांड्यांत ठेवावें. अंगावर पांढरे ठिपके आणणारा रोग असल्यास तेथेंच त्याचा उपचार होतो. मोठ्या पेटींत तांब्याचें औषध घातलें तर कोळंबी मरते.

आपल्यापैकीं पुष्कळ घरांत एक अडचण निघेल, ती स्पष्ट सांगितलेली बरी. वरील सर्व माशांचा आहार मुख्यतः सामिष आहे. गोठविलेली कोळंबी घरच्या शीतपेटींत ठेवावी लागते, आणि कोरड्या दाण्यांतहि बहुधा माशांचें पीठ असतें. ज्या घरीं हें चालणार नसेल त्यांनीं आधींच विचार करावा. आपल्या आचारासाठीं माशाला उपास घडविणें हा कांहीं धर्म नव्हे.

शेवटीं, मासा येतो कोठून हेंहि विचारावें. फिलिपाईन्स व इंडोनेशियाच्या कांहीं भागांत सायनाइड फवारून मासे गुंगवून धरण्याची दुष्ट रीत चालत आली आहे. त्यांत प्रवाळ मरतात, आणि धरलेला मासाहि पुष्कळदां फार दिवस जगत नाहीं. विदूषक मासे मात्र आतां टाक्यांत पैदा होतात; कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनें त्यांच्या पैदाशीची पद्धति बसविली आहे. असे घरपैदास मासे पेटींत लौकर रुळतात. जिवंत प्रवाळ व समुद्रघोडे यांस वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वयें संरक्षण आहे. मालवणाजवळच्या समुद्रांतहि प्रवाळ आहेत. तेथून खडकाचा तुकडा उचलून आणण्याचा मोह कोणास होऊं नये. पेटीसाठीं मृत, कोरडा खडकच घ्यावा.

पंचतंत्रांतल्या तीन माशांत ‘होईल तें होईल’ म्हणणारा यद्भविष्य प्राणास मुकला, हें सर्वांस ठाऊक आहेच. पेटींतल्या माशाला अनागतविधाता होतां येत नाहीं. त्याच्या वतीनें तें काम आपणांस केलें पाहिजे. म्हणून दुकानांत जाण्यापूर्वीं घरांतल्या मुलांस कागद-पेन्सिल देऊन बसवावें आणि प्रत्येक माशाच्या नांवापुढें त्याची पूर्ण वाढ, अन्न, जागा, स्वभाव व प्रवेशाचा क्रमांक लिहून घ्यावा. यादींत नसलेला मासा कितीहि सुंदर दिसला तरी त्या दिवशीं आणूं नये.