लुईला एवढं मागे का उभं केलं?

सात जणांचा बँड. एक जण पियानोपाशी, बाकीचे एका मोठ्या भोंग्याच्या आजूबाजूला, आणि बँडमधला सगळ्यात दमदार वादक मात्र एकटाच पार मागे, बारा-पंधरा फुटांवर! काय बरं चुकलं असेल त्याचं?

काहीच नाही. उलट तो फारच छान, खणखणीत वाजवत होता!

ही गोष्ट आहे 5 एप्रिल 1923 ची. अमेरिकेच्या इंडियाना राज्यात रिचमंड नावाचं गाव आहे. तिथे पियानो बनवणारा एक कारखाना होता आणि त्याच्याच आवारात ‘जेनेट’ नावाच्या गाण्यांच्या तबकड्या तयार व्हायच्या. स्टुडिओच्या अगदी बाजूने आगगाडीचे रूळ गेलेले. गाडी धडधडत आली की वादकांनी हात आवरायचे, ती जाईपर्यंत थांबायचं! अशा या जागी शिकागोहून किंग ऑलिव्हर यांचा ‘क्रिओल जॅझ बँड’ आला होता. मागे उभा केलेला वादक होता 21 वर्षांचा लुई आर्मस्ट्राँग. पुढे तो जगभर गाजला, पण तबकडीसाठी वाजवायची ही त्याची पहिलीच वेळ. त्याचं वाद्य कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटपेक्षा जरा आखूड असलेलं पितळी वाद्य. ऑलिव्हरही कॉर्नेटच वाजवायचे आणि लुई त्यांना गुरू मानायचा.

आता खरी गंमत. त्या खोलीत मायक्रोफोन नव्हता! विजेच्या मदतीने केलेल्या ध्वनिमुद्रणाच्या तबकड्या सर्रास बाजारात येऊ लागल्या त्या 1925 पासून. त्याआधी जवळपास सगळा कारभार भोंग्यावर. लग्नाच्या मांडवातला कर्णा आवाज बाहेर फेकतो ना, तसाच हा कर्णा, पण उलट्या कामाचा. रुंद तोंडाने तो आवाज गोळा करायचा आणि निमुळत्या टोकाकडे न्यायचा. त्या टोकाशी एक पातळ पडदा असायचा. आवाज म्हणजे हवेची थरथर. ती पडद्यावर आदळली की पडदा थरथरायचा आणि त्याला जोडलेली सुई फिरत्या मेणाच्या चकतीवर नागमोडी चर कोरत जायची. वीज नाही, बटण नाही. चर कोरला जायचा तो फक्त वादकांच्या फुंकरीच्या आणि बोटांच्या जोरावर. मला तर हे आजही जादूसारखं वाटतं.

पण मग एकाचा आवाज मोठा आणि दुसऱ्याचा लहान असेल तर? आज आपण स्क्रीनवर बोट फिरवून आवाज कमी-जास्त करतो. तेव्हा माणसंच पुढे-मागे करावी लागायची. मोकळ्या जागेत आवाजापासूनचं अंतर दुप्पट झालं की त्याची तीव्रता चौथ्या हिश्श्यावर येते. अंतर तिप्पट झालं तर थेट नवव्या हिश्श्यावर! बंद खोलीत भिंतींवरून थोडा आवाज परत येतो, म्हणून हिशेब इतका चोख बसत नाही, तरी फरक भरपूर पडतो. लुई जवळ उभा राहिला की त्याच्यापुढे ऑलिव्हर ऐकूच येईनात. म्हणून लुईची रवानगी मागे!

पियानोवर लिल हार्डिन होती. पुढे तिने ही आठवण सांगितली. लुई तिकडे एकटा, हिरमुसला होऊन उभा होता आणि ती त्याच्याकडे बघून हसत होती. तिच्या मनात मात्र वेगळंच चाललं होतं. ऑलिव्हर ऐकू यावेत म्हणून ज्याला इतकं लांब उभं करावं लागतं, तो त्यांच्यापेक्षा सरसच असणार! पुढच्याच वर्षी लिल आणि लुईचं लग्न झालं.

ड्रमवाल्या बेबी डॉड्झचे हाल तर विचारूच नका. मोठ्या ढोलाचे खोल, खर्जातले आवाज भोंग्याला नीट पकडता येत नसत, आणि दणका जोरात बसला तर सुई उडायची. मग त्याने ढोल बाजूला ठेवले आणि लाकडी ठोकळ्यांवर ताल धरला. बिल जॉन्सन एरवी डबल बास हे भलंमोठं तंतुवाद्य वाजवायचा. त्याने इथे बँजो हातात घेतला.

एका तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावायची आणि मेणावरचं काही खोडता यायचं नाही. दुसऱ्या दिवशी ‘डिपरमाउथ ब्लूज’ वाजवताना डॉड्झ स्वतःची वाजवायची जागा विसरला. बिल मोठा हुशार! त्याने लगेच एक आरोळी ठोकून ती पोकळी भरून काढली. ती आरोळी तशीच मेणात कोरली गेली आणि पुढे त्या गाण्याचा भागच होऊन बसली.

जॅझच्या इतिहासातलं एकच साल निवडायला सांगितलं, तर मी 1923 च निवडेन. जॅझच्या तबकड्या 1917 पासून निघत होत्या, पण पहिली तबकडी काढली ती गोऱ्या वादकांच्या बँडने. हे संगीत मुळात घडवलं न्यू ऑर्लिन्स शहरातल्या कृष्णवर्णीय कलावंतांनी, आणि त्यांच्यातले कितीतरी दिग्गज तबकडीवर पहिल्यांदा आले ते 1923 मध्ये. ऑलिव्हर आणि लुई एप्रिलमध्ये, तर सिडनी बेशे आणि पियानोवाला जेली रोल मॉर्टन त्याच वर्षी पुढे.

लुईचे सूर किती लांब पोहोचले, माहीत आहे? 1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अवकाशात पाठवली गेली. तिच्यावर लुईने 1927 मध्ये वाजवलेलं ‘मेलँकली ब्लूज’ आहे. आणि त्याच तबकडीवर आपल्या गोव्यात, केरी गावी जन्मलेल्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे!

‘चाइम्स ब्लूज’ हे 5 एप्रिलचंच ध्वनिमुद्रण. ते इंटरनेटवर सहज सापडेल. सुरुवातीची खरखर ऐकून बंद करू नका. मध्येच लिल पियानोवर घंटा वाजवल्यासारखे सूर काढते. त्यानंतर कॉर्नेट पुढे येतं. तो लुई, आणि ते त्याचं तबकडीवरचं पहिलं एकट्याचं वादन. ढोलाचा दणका कुठे ऐकू येतोय का, तेही कान देऊन बघा.