लग्न झालं की जातील?

हैदराबादेत बरकतपुऱ्याला आत्याकडे गेले की घरात मराठी आणि दाराबाहेर दखनी-तेलुगू, हे लहानपणापासूनचं. गेल्या दिवाळीत तिची नात समोर आली ती तोंडाभोवती ओढणी घट्ट गुंडाळून. वय एकोणीस. आत्या म्हणाली, “या वयात येतातच गं तारुण्यपीटिका. लग्न झालं की जातील.”

ओढणी सरकली तेव्हा मी हादरले. जबड्याच्या कडेनं शेंगदाण्याएवढ्या लालजांभळ्या गाठी. “उशीवर गाल टेकवता येत नाही, आत्या. ठणकतो,” ती मला म्हणाली.

ठणकणारी खोल गाठ म्हणजे नुसती पुटकुळी नव्हे. केसाच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. वयात येताना अँड्रोजन हे संप्रेरक वाढतं, तेल जास्त सुटतं आणि मृत पेशी छिद्राच्या तोंडाशी चिकटून बूच बसतं. आत क्युटिबॅक्टेरियम ॲक्नीज हा एरवी सगळ्यांच्याच त्वचेवर राहणारा जंतू फोफावतो. दाह खोल जाऊन केसाच्या मुळाभोवतीची भिंत फुटली की आतला ऐवज आजूबाजूला पसरतो. गाठ तिथे होते, आणि ती बसल्यावर खड्डाही तिथेच राहतो. पोर दिवसातून पाच वेळा साबणानं तोंड धूत होती. घाणीनं हे होतच नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग तिनं पर्समधून ट्यूब काढली. मेडिकलवर विचारून आणलेली. पंधरा दिवस चेहरा उजळला, लाली उतरली. लावणं थांबवताच दुप्पट उसळलं. ट्यूबवर बारीक अक्षरात मोमेटासोन लिहिलेलं, म्हणजे स्टिरॉइड. चेहऱ्यावर ते फार दिवस लावलं तर कातडी पातळ होते, बारीक शिरा दिसू लागतात, मुरुमही वाढतात. 2018 साली केंद्र सरकारनं अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरीही ती मिळतात, याची मला चीड येते.

मग तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी आधी पाळी नियमित येते का, हनुवटीवर राठ केस येतात का, ते विचारलं. पीसीओएस या संप्रेरकांच्या विकारातही असे मुरुम येतात. मध्यम त्रासाला ॲडापलीन, बेंझॉइल पेरॉक्साइड आणि जोडीला तीन-चार महिने डॉक्सिसायक्लिन देतात. नुसती अँटिबायोटिक वर्षभर खात राहिलं तर जंतू तिला दाद देईनासे होतात. खोल गाठींचं खरं औषध आयसोट्रेटिनॉइन, अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं. अमेरिकेत 1982 साली त्याला मान्यता मिळाली. ते तेलग्रंथीच आक्रसवतं. मात्रा वजनावर ठरते: किलोमागे रोज साधारण अर्धा ते एक मिलिग्रॅम. हिचं वजन 48 किलो, त्यावरून तिची मात्रा ठरली. गोळी जेवणाबरोबर घ्यायची, कारण स्निग्ध पदार्थांसोबत ती अंगी लागते. यकृताची आणि चरबीची रक्ततपासणी करायची.

एक गोष्ट डॉक्टरांनी दोनदा सांगितली, आणि आत्याच्या देखत सांगितली ते फार बरं झालं. हे औषध चालू असताना आणि बंद केल्यावर महिनाभर गर्भ राहता कामा नये. बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. लग्नाचा विषय आत्यानं त्या दिवसापासून काढलेला नाही.

पहिल्या काही आठवड्यांत गाठी थोड्या वाढल्या. असं होऊ शकतं हे आधी सांगितलेलं होतं, म्हणून तिनं गोळी सोडली नाही. चौथ्या महिन्यात मला तिचा फोन आला: “ओठ सारखे फुटतात, आत्या, व्हॅसलीन पुरत नाही. पण काल मी कुशीवर झोपले.”